नळाला पाणी आलं तेव्हा

पहिला प्रश्न ठरलेला:
शेवटचं धड कधी पाहिलं यांना?

पहाटे चारला पाच कमी. बालामणी मेरगू, विड्या वळतात.
तोंड डावीकडे ओढलेलं,
उजवा हात चादरीवर, कुणाचा तरी राहून गेल्यासारखा.
सून म्हणाली, नळाला पाणी आलं तेव्हा
त्यांनीच पाईप लावला बॅरलला.
पाचव्या दिवसाचं पाणी. कधी आलं?
रात्री. उशिरा.

मी त्यांच्या भागातल्या चावीवाल्याला फोन लावला.
तो झोपेतच म्हणाला, एक चाळीस, वहीत आहे.
गिरण्यांचे भोंगे गेल्यापासून
या गावात तेवढंच घड्याळ उरलंय.
एक चाळीस अधिक साडेचार तास.
बोटांवर मोजलं: सहा दहापर्यंत.

सीटीत रक्त नव्हतं.
औषध वजनावर. वजन किती?
तंबाखूचं वजन त्या बोटांनी सांगतात म्हणे,
त्यांचं कुणी कधी केलेलं नाही.
वजनाचा काटा बिघडलेला. मामांनी उचलून पाहिलं,
हत्तुरे मॅडमनी लिहिलं, बावन्न.
दहावा हिस्सा एका दमात, उरलेलं तासाभरात.
मी मशीनवर आकडे दाबले.

माझे वडील यंत्रमागावर होते.
आमच्या घरी गाठ म्हणजे तुटलेलं जोडणं:
न बघता दोन टोकं चिमटीत,
अंगठा फिरला की माग पुन्हा खडखड.
मी गाठी सोडवायच्या नोकरीत आले,
तेव्हा ते हसले होते.

सगळ्या गाठी एका सुताच्या नसतात.
हृदय लय चुकून थरथरलं की
त्याच्या कोपऱ्यात साकळते ती मऊ, मोठी.
सुटते कधी कधी झरकन,
आणि सुटलेल्या वाटेनं रक्तच फुटतं मागाहून.
मानेतल्या शिरेत वर्षानुवर्षं
बोअरच्या पाण्याच्या क्षारासारखी धरलेली:
तिला आमची बाटली म्हणजे पाहुणी.
यासीनभाई बागवान, परवाच्या रात्री.
त्यांचा मुलगा विचारत राहिला, सिस्टर, औषध संपलं का?
संपलं. गाठ होती तिथेच.
ओढून काढायची सोय पुण्याला,
आणि पुणं त्या रात्री फार लांब होतं.

आणि नरसिमलू गुरम, गेल्या महिन्यातले.
केसाएवढ्या शिरेत तिळाएवढी अडचण.
सकाळी उजव्या हाताने चहाचा कप धरून
त्यांनी मला दाखवला, मग मामांना,
मग खिडकीतल्या कबुतराला.
मॅडम हळूच म्हणाल्या, न देताही सुधारले असते कदाचित.
कोण सांगणार?
ते अजून येता-जाता त्या मशीनला नमस्कार करतात.
मी करू देते.

पाच वाजून दहा मिनिटं.
दर पंधरा मिनिटांनी मी म्हणते, आजी, हात वर.
आजी छताकडे बघतात.
पाऊण तास असाच गेला.
मग उजवी तर्जनी हलली.
मग अंगठा तिच्यावर घासू लागला,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
चादरीची कड घेऊन बाई विडी वळत होत्या.
सून रडायला लागली. मी वेळ लिहिली.

मराठी आली नाही. तेलुगूतला एक शब्द आला:
नीळ्ळु.
मी म्हटलं, पाणी नाही द्यायचं अजून,
गिळता येतं का ते बघू आधी.
सून म्हणाली, पिण्याचं नाही हो,
त्या विचारतायत, सगळं भरून झालं का?

उद्या पुन्हा सीटी. कोपऱ्यात रक्ताचा ठिपका असेल
किंवा नसेल.
हृदयाचा आलेख वेडावाकडा आलाय,
मॅडम त्याच्यावर बोट ठेवून गप्प.

फॉर्मवर एक चौकोन असतो, शेवटचं धड पाहिल्याची वेळ.
पहाटे घाईत मी तिथे लिहून गेले होते,
नळाला पाणी आलं तेव्हा.
आता खोडते, वर एक चाळीस लिहिते.
खालचं वाचता येतंय अजून.